फाटकावरची मूळ संख्या

धाराशिवात मी ज्या घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते, त्या घराच्या फाटकावर नाव नव्हतं, आकडा होता. गल्लीतली बाकीची घरं ‘मातृछाया’, ‘भवानी कृपा’, ‘शिवसदन’ अशी रीतसर नावाची. आमच्या फाटकावर काळ्या रंगात, हातभर लांब, ‘२१४७४८३६४७’. दहा अंकी असल्यामुळं येणाराजाणारा तो घरमालकांचा मोबाईल नंबर समजायचा. खोली बघायला आले तेव्हा मीही तेच समजले. फाटकाला आतून कडी होती, अनोळखी दारात हाका मारायला संकोच वाटला, म्हणून उभ्याउभ्याच तो नंबर लावला. आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही, असं पलीकडच्या बाईनं मला तीन भाषांत सांगितलं. मान वर केली तर पायरीवर एक उंच, वाळलेले गृहस्थ उभे. कपाळाला विभूतीचे पट्टे, अंगात बाह्यांची बनियन आणि हातात पाण्याचं फुलपात्र.

“लावला का फोन?” त्यांनी विचारलं. “अस्तित्वात न्हाय म्हणली असंल. दोन-अडीचशे वर्षं झाली सिद्ध होऊन. तिला अजून पत्ता न्हाय.”

हे माझे घरमालक. ज्या ज्युनिअर कॉलेजात मी मराठी शिकवायला रुजू झाले होते, तिथूनच ते गणित शिकवून निवृत्त झालेले. मूळचे अणदूरचे. सगळा गाव त्यांना नुसतं ‘सर’ म्हणायचा. इतर सरांना आडनावं लावावी लागत, ह्यांना लागत नसत. भाडं, पाणी, वीज यांतलं एक अक्षर न बोलता त्यांनी आधी माझा मोबाईल नंबर विचारला. मी सांगितला. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि जरा खट्टू होऊन म्हणाले, “सातानं जातो. असू द्या. माणसाच्या हातात असतंय का ते.” मग खोली दाखवली.

मी साताऱ्याकडची. आमच्याकडं माणूस भेटला की गाव विचारतात, मग आडनाव, मग शेत किती. सर कशाला कशानं भाग जातो ते बघायचे. एसटीचा नंबर, परीक्षेचे बैठक क्रमांक, टँकरच्या मागे रंगवलेला नंबर, सगळं चालताचालता मनात भागून टाकायचे. धाराशिवात नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं. ते यायच्या रात्री गल्ली घागरी मांडून बसलेली असताना सर फाटकात उभे राहून शेजारणीला सांगायचे की तुमच्या नव्या स्कूटीचा नंबर मूळ संख्या आहे, विकू नका. शेजारीण ‘बरं सर’ म्हणून घागर पुढं सरकवायची. वेडा म्हणण्याइतका त्यांचा कुणाला त्रास नव्हता आणि शहाणा म्हणण्याइतका उपयोग नव्हता, त्यामुळं गाव त्यांना तसंच सोडून देत असे.

त्यांचं एक दुखणं होतं. त्यांच्या स्वतःच्या मोबाईल नंबराला तिनानं भाग जायचा. सातानं, तेरानं जाणं एक वेळ परवडलं, पण तिनानं म्हणजे नुसती आकड्यांची बेरीज केली की चौथीतलं पोरसुद्धा ओळखणार. त्यामुळं सर आपला नंबर कुणाला देत नसत. बँकेत द्यावा लागला तेव्हा हळू आवाजात सांगितला होता, हे मी स्वतः ऐकलं आहे. फोन साधा, बटणांचा. तो भिंतीतल्या देवळीत उताणा पडलेला असायचा आणि वाजत नसे.

फाटकावरच्या आकड्याचं मात्र त्यांना कोण कौतुक. तो समजावून सांगायची त्यांची रीत अशी. महिन्याच्या पहिल्या तारखेला ज्वारीचा एक दाणा ठेवा. दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी चार, असं रोज दुप्पट. एकतीस दिवसांच्या महिन्याची अखेर झाली की सगळी रास एकत्र करा. पोत्यांनी नाही, ट्रकांनी मोजावी लागेल अशी रास होते, आणि तिच्यातले दाणे बरोबर इतके, २१४७४८३६४७. “आता करा वाटणी,” सर म्हणायचे. “दोघा भावांत होत न्हाय. तिघांत न्हाय, सात जणांत न्हाय, अख्ख्या गावात न्हाय. कुणालातरी दाणा जास्त जाणारच. एक तर एकट्यानं समदी न्या, न्हाय तर एकेकानं एकेक दाणा घ्या. तिसरा मार्गच न्हाय.” हे सांगताना त्यांचा चेहरा इतका उजळायचा की मला ज्वारीपेक्षा त्यांच्याकडंच बघत राहावंसं वाटायचं.

अकरावर त्यांचा राग होता. दोन दिवसांची रास केली तर तीन दाणे, तीन दिवसांची सात, पाच दिवसांची एकतीस, सात दिवसांची एकशे सत्तावीस. सगळ्या मूळ संख्या. माणूस निर्धास्त होतो, दिवस मूळ असले की रास मूळच होणार असं धरून चालतो. आणि अकरा दिवसांची होते दोन हजार सत्तेचाळीस, तेवीस गुणिले एकोणनव्वद. “दगा,” सर म्हणायचे. अकरा नंबरच्या सीटवर ते एसटीत बसत नसत. तुळजापूरपर्यंत उभे राहून गेलेले मी पाहिलेत, आणि शेजारी ती सीट रिकामी. म्हणूनच एकतीसचं त्यांना एवढं अप्रूप. दगा द्यायला इतकी जागा असून त्यानं दिला नव्हता.

श्रावणी सोमवारी ते महादेवाला बेल वाहून यायचे आणि ओसरीवर पाटी घेऊन बसायचे. दगडी पाटी, पेन्सिल. फार पूर्वी परदेशातल्या एका डोळे जवळजवळ गेलेल्या गणितीनं ही संख्या मूळ आहे हे सिद्ध केलं होतं. त्यानं एक हिकमत काढली होती. बासष्टनं भागल्यावर एक उरतो अशीच संख्या हिला भागू शकेल, बाकीच्यांना दारात उभं करायचंच कारण नाही. सर त्यांतली एकेक घेऊन भागाकार करायचे. सिद्ध झालेलंच आहे तर कशाला, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, “तुम्ही देवळात कशाला जाता? देव हाय का ते तपासायला?” मग पाटी माझ्याकडं फिरवली. त्या दिवशी तीनशे अकरानं भागलं होतं आणि बाकी पस्तीस उरली होती. बाकी उरली याचा त्यांना दरवेळी नव्यानं आनंद व्हायचा. संध्याकाळी मग ते उपवास सोडायचे.

मी मराठीची. एकदा त्यांना खूश करायला म्हणून म्हणाले की मूळ संख्या किती एकटी असते ना, सर. ते पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. एकटी कुठली, तिच्यावाचून बाकीच्या संख्या उभ्याच राहत नाहीत, सहा घ्या, पंधरा घ्या, कुणाचंही घर तिच्याच विटांचं, असं बरंच बोलले. मग आवाज खाली आला. “एकटं असणं येगळं असतंय, मॅडम. ते आकड्यांना इचारू नका, मला इचारा.”

विचारायची गरज नव्हती, मी वरच राहत होते. खाली एका माणसाच्या घरात जेवढे आवाज होतात तेवढेच व्हायचे. एक ताट, एक वाटी, रेडिओवरच्या बातम्या, आणि बातम्या देणाऱ्याला सरांनी दिलेली उत्तरं.

लग्न का केलं नाही, हे त्यांनी एकदा आपणहून सांगितलं. तरुणपणी मुरूमकडं मुलगी बघायला गेले होते. पोहे झाले. मुलीला काही विचारायचं असेल तर विचारा, असं वडीलधाऱ्यांनी म्हटलं. लोक विचारतात स्वयंपाक येतो का, शिवण येतं का. ह्यांनी विचारलं, सत्तावन्न ही मूळ संख्या आहे का? मुलीनं मान वर न करता सांगितलं, “न्हाय. एकोणीस त्रिक सत्तावन्न.” सरांच्या मनात तिथंच लग्न लागलं. पण मुलीचे काका भडकले. आमच्या पोरीची परीक्षा घ्यायला आलात का, म्हणाले. बोलणं मोडलं. नंतर ह्यांनी स्थळं बघितली नाहीत असं नाही, पण पुढच्या मुली सत्तावन्नला मूळ म्हणायच्या. “एकोणीसचा पाढा तोंडपाठ,” सर पस्तीस-चाळीस वर्षांनंतरही मान हलवून म्हणायचे. नाव त्यांना आठवत नव्हतं.

एका दिवाळीत मी गावी गेले होते. परत आले तर फाटकाला दुधाच्या पिशव्या लटकलेल्या, पहिल्या फुगून आंबलेल्या. सर आत तापानं फणफणलेले, घशाला कोरड, उठून तांब्यापर्यंत जायची ताकद नाही. दवाखान्यात नेलं, सलाईन लागलं, चार दिवसांत बरे झाले. घरी आल्यावर म्हणाले, “मॅडम, तुम्ही अजून सुट्टीवर असता तर दूधवाल्याला आधी कळलं असतं.” मी हसून विषय टाळला, पण ते हसण्यासारखं बोलत नव्हते.

त्यानंतर महिनाभरानं ते पहिल्यांदा माझा जिना चढून वर आले. त्यांच्या समाजाच्या मंडळाचा तुळजापुरात वधू-वर मेळावा होणार होता आणि त्याची पुस्तिका निघणार होती. तिच्यात शेवटचं पान प्रौढांचं. विधुर, विधवा, ज्यांचं राहून गेलं ते. माहिती लिहून द्यायची होती आणि सरांना भाषा माझ्याकडून तपासून हवी होती. माझ्याकडं न बघता त्यांनी कागद पुढं केला. नाव, वय, शिक्षण, पेन्शन, सगळं नेटकं भरलेलं. ‘अपेक्षा’ या शब्दापुढं मोकळं.

मी सुचवलं, मनमिळाऊ, सुसंस्कृत, समविचारी. त्यांनी प्रत्येकाला नकार दिला. शेवटी स्वतःच लिहिलं, ‘बोलणारी असावी.’ मग मोबाईल नंबरापाशी पुन्हा अडले. बराच वेळ पेन धरून बसले. शेवटी तो तिनानं भाग जाणारा नंबर लिहिला आणि म्हणाले, “हितं इलाज न्हाय.” साठीला आलेला माणूस इतका लाजलेला मी पाहिला नव्हता. मला त्यांच्याविषयी इतकी माया वाटली की मी आत जाऊन उगीचच चहा टाकला.

मेळाव्याला ते गेले, पण स्टेजवर गेले नाहीत. पुस्तिका घेऊन संध्याकाळच्या एसटीनं परत आले आणि फाटकातूनच मला हाका मारायला लागले. हाका अशा की मी पदर खोचून धावतच उतरले.

“मॅडम, आली बघा, आली!”

“कोण आली?” मला वाटलं, कुणी बाई बरोबर आहे.

त्यांनी पुस्तिका उघडून माझ्यापुढं धरली आणि बोट ठेवलं. एका मुलीच्या माहितीखाली मोबाईल नंबर छापलेला, २१४७४८३६४७. पान उलटलं, पुढच्या मुलाखाली तोच. त्यापुढं तोच. वकील, नर्स, किराणा दुकानदार, पुण्यात कंपनीत असलेला, घटस्फोटित, कुणीही असो, सगळ्या समाजाचा एकच नंबर, आमच्या फाटकावरचा. त्यांना दुरून ओळखणारा म्हणेल की ह्यांना लॉटरी लागली.

हे कसं झालं ते त्यांनी तिथंच, दिवा न लावता, समजावलं. मंडळानं कुणा नवशिक्याकडून कॉम्प्युटरवर यादी करून घेतली होती. त्यानं नंबर ठेवायला जो कप्पा निवडला त्याला बत्तीस खण. त्यांतला एक खण अधिक-उण्याच्या खुणेला जातो, उरले एकतीस. एकतीस खणांत मावते अशी सगळ्यात मोठी संख्या म्हणजे हीच, एकतीस दिवसांची ज्वारीची रास. आपले मोबाईल नंबर हिच्याहून मोठे. “शेराच्या मापात पायली ओतली तर काय होईल? माप काठोकाठ भरंल अन् बाकीचं सांडंल. समद्यांचे नंबर सांडले, मॅडम. काठ तेवढा राहिला.” मुलांना शिकवून आयुष्य गेलं, पण फाटकावरचा आकडा असा छापून घरोघर जाईल असं त्यांना कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मला मात्र वेगळंच सुचलं. “सर, म्हणजे तुमचाही?”

ते थांबले. शेवटचं पान काढलं. तिथं सहाच जणांची माहिती होती, सगळे पुरुष, आणि तिसरे सर होते. ‘बोलणारी असावी’ नीट छापलं होतं. त्याखाली २१४७४८३६४७. त्यांनी चष्मा काढला, बनियनला पुसला, पुन्हा घातला. आकडा तोच होता.

“व्हय,” ते म्हणाले. “म्हणजे फोन येणार न्हाय.”

मंडळाच्या चिटणीसांनी पुढच्या वर्षी दुरुस्ती करू असं सांगितलं. पुढच्या वर्षापर्यंत कोण थांबतो? लोक नंबर लावायचे, तो अस्तित्वात नसायचा. अशात धाराशिवातल्या कुणीतरी कुणालातरी सांगितलं की हा नंबर आपल्या सरांच्या फाटकावर आहे. आणि मग माणसं यायला लागली.

पहिले आले ते अणदूरचेच एक गृहस्थ, बरोबर बायको आणि पिशवीत पुस्तिका. “सर, ह्या पोरीच्या बापाचा फोनच लागंना. तुमच्या दारावर नंबर हाय म्हणले, म्हणून म्हणलं, तुम्हीच मध्यस्थ असाल.” सरांनी त्यांना बसवलं. दुसऱ्या दिवशी स्वतः मंडळात जाऊन लोकांनी हातानं लिहून दिलेल्या मूळ कागदांवरून सगळे खरे नंबर आपल्या पुस्तिकेत पेन्सिलीनं उतरवून आणले. आणि दार उघडं टाकलं.

त्या दोन-तीन महिन्यांत आमचं घर ओळखू येईना. सरांनी प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. साखर संपायला लागली. फाटकाची कडी त्यांनी काढूनच टाकली. माणसं यायची, पुस्तिकेत बोट ठेवायची, सर नंबर सांगायचे, मग थोडं पाऊसपाणी, थोडं गाव. एक म्हातारे आजोबा त्यांना म्हणाले, “समद्या पोरापोरींचा मामा झालाव की तुम्ही.” नवरीच्या पाठीमागं मामा उभा राहतो, तो मान. सरांना ते इतकं आवडलं की दिवसभर त्यांनी मला तीनदा सांगितलं. दोन लग्नांच्या पत्रिकाही आल्या.

एक नियम त्यांनी स्वतःवर घातला होता. नंबर कुणासाठी हवा, हे विचारायचं नाही. लोक लाजतात. प्रौढांच्या पानाचं तर मुळीच विचारायचं नाही. ज्या पानावर बोट पडेल त्या पानावरचे नंबर द्यायचे, बस.

मी वरून बघायचे. फाटक वाजलं की सरांची नजर आधी माणसाच्या चेहऱ्यावर जात नसे, पुस्तिकेवर जायची. कुठलं पान उघडलंय, पुढचं की शेवटचं. पुढचंच असायचं. त्यांचा स्वतःचा नंबर कुणी मागत नव्हतं. घर माणसांनी भरलेलं आणि सर त्या गर्दीत चहा गाळत उभे. मला ते आधीच्या रिकाम्या घरापेक्षा जास्त लागायचं.

तो शनिवार होता. सकाळचं कॉलेज सुटून मी घरी येत होते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी शेअर ऑटो भरत असतात. तिथं पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या. इरकल लुगडं, खांद्याला पर्स, हातात ती पुस्तिका गुंडाळी करून धरलेली. एसटी स्टँडला हाच ऑटो जातो का, असं त्यांनी मला विचारलं. बोलण्याला उमरग्यापलीकडचा, कानडीचा हेल. मी हो म्हटलं आणि सहज विचारलं, सरांकडं आला होतात का. त्यांनी मान हलवली. मिळाला का नंबर, मी विचारलं.

त्या जरा हसल्या. “समद्यांचे नंबर चुकले म्हणून गावभर बोंब चाललीय. मी म्हणलं, ह्या एका माणसाचा तेवढा बरोबर छापलाय. दारावरच हाय की. म्हणून आले हुते.”

मला क्षणभर कळलंच नाही. मग उलगडलं. सरांच्या नावापुढं तोच आकडा छापला होता, आणि तो आकडा जगात एकाच दारात नेऊन सोडत होता. सगळ्या पुस्तिकेत चुकला नव्हता तो त्यांचाच नंबर.

“मग?” मी विचारलं.

“मग काय. दारावरचा नंबर कसला, म्हणून इचारलं. ज्वारीचं समदं सांगितलं त्यांनी, लई छान सांगितलं. मग मी शेवटचं पान म्होरं केलं. पाच जणांचे नंबर दिले, आदबीनं दिले. स्वतःचा दिला न्हाय. शहाण्या माणसानं वळखावं ना, बाई.”

मी म्हणाले, अहो तसं नाही, त्यांच्या लक्षात आलं नसेल, तुम्ही चला माझ्याबरोबर, आत्ता चला. ऑटोवाल्यानं एक सीट म्हणून हाक दिली. त्या बसल्या. “असू द्या,” त्या म्हणाल्या. “चहा लई गोड केला हुता त्यांनी.” ऑटो सुटला. मी दोन पावलं मागं धावले, हाक मारली, तोपर्यंत तो वळला.

घरी आले तर सर कप विसळत होते आणि खुशीत होते. म्हणाले की आज पहिल्यांदा शेवटच्या पानावर बोट पडलं, पाचांपैकी कुणाचं तरी जमेल. मी विचारलं, सर, पान सहा जणांचं आहे, सहावा नंबर का नाही दिला? ते बुजले. “मी सोडून पाच. स्वतःचा कसा सांगायचा? मागितल्याबिगर?”

“सर, त्या तुमच्यासाठी आल्या होत्या.”

त्यांनी कप खाली ठेवला. कुणासाठी, असं विचारलं. मी पुन्हा सांगितलं. त्यांनी देवळीतला फोन उचलला आणि तसाच पुन्हा ठेवला, कारण लावणार कुणाला. मी शेजारणीची स्कूटी मागून आणली. सर आयुष्यात कुणाच्या मागं बसले नव्हते, त्या दिवशी बसले, बनियनवर शर्ट चढवत.

स्टँडवर आम्ही एकेका गाडीच्या खिडक्या बघत फिरलो. सोलापूर, लातूर, तुळजापूर. उमरग्याकडची गाडी नुकतीच हलली होती. दुसऱ्या लागलेल्या गाडीत मी चढून बघितलं, सर खाली उभे राहून खिडक्यांकडं बघत होते आणि मग मला म्हणाले, “मॅडम, तुम्हीच बघा. मी चेहरा नीट बघितला न्हाय. नंबर सांगत होतो.”

नाव त्यांनी विचारलं नव्हतं. नियमच होता. ती बाई पुस्तिकेत नव्हती, तिचा नंबर कुठंच नव्हता, चुकीचासुद्धा नाही. परत येताना वाटेत त्यांनी मागून एकच विचारलं, बोलत कशी होती. मी म्हणाले, छान बोलत होत्या, सर. गल्लीत वळताना ते म्हणाले, “मी बोलू दिलंच न्हाय तिला. मीच बोललो.”

नंतरच्या दिवसांत त्यांनी त्या पाचही जणांना फोन केले. कुणा बाईंचा फोन आला होता का, म्हणून. दोघांनी ठेवून दिला. एकानं तुम्हाला काय करायचंय म्हणून झापलं. उरलेल्या दोघांना कुणाचाच फोन आलेला नव्हता. ते ऐकून सर थोडे शांत झाले. तिनं निदान या दोघांना फोन केला नाही, एवढं त्यांना पुरलं असावं. त्यापुढं त्यांना काही करता येत नव्हतं, आणि मलाही. हळूहळू लोकांना खरे नंबर एकमेकांकडून मिळाले, येणं आटलं, खुर्च्या एकात एक घालून ओसरीच्या कोपऱ्यात गेल्या.

पुढच्या दिवाळीच्या आधी पेंटर आला. फाटक दरवर्षी रंगवून घ्यायचा त्यांचा शिरस्ता. आकड्याला नवा काळा रंग बसला. मग सरांनी पेंटरला थांबवलं आणि खाली आणखी एक ओळ लिहायला सांगितली. आकडे त्यांनी एकेक करून मोठ्यानं उच्चारले. मी जिन्यात होते, मला ऐकू आले. तो त्यांचा खरा मोबाईल नंबर होता.

मी खाली उतरून फाटकासमोर उभी राहिले. सर माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. वर ती संख्या, खाली ही. त्यांनी सवयीनं डोळे मिटले नाहीत, भागायला घेतलं नाही.

“तिनानं जातो,” ते म्हणाले. “पण लागतो.”

आता माझी बदली झाली, मी साताऱ्याला आहे. सणावाराला मी तो नंबर लावते. देवळीत पडलेला फोन पूर्वी वाजतच नसे, आता पहिल्याच रिंगला उचलला जातो. सुट्टीत गावी गेल्यावर माझं सिम हरवलं होतं, तेव्हा एकदा बहिणीच्या फोनवरून लावला होता. सर ‘हॅलो’ म्हणाले तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. हळू, जपून, जणू फोनमधून कुणी उठून जाईल. मी म्हणाले, सर, मी बोलतेय, मॅडम. मग त्यांचा नेहमीचा आवाज आला.

“हां, मॅडम,” ते म्हणाले. “बोला, बोला. हा नंबर कुणाचा? पाचानं जातो.”